आकडा सांगितला, साल राहून गेलं: जुन्या पेन्शनच्या प्रश्नावरचं एक उत्तर आणि त्यानंतरचे वीस महिने

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनच्या मागणीचं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ते सुरू झालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एका टप्प्यावर येऊन थांबलं. यातल्या व्यक्तींची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, पदांनीच उल्लेख केला आहे. सगळ्यांना माहीत असलेली नावं लपवण्याचा हा आव नाही. नाव आलं की वाचक आधी पक्ष बघतो आणि निर्णय कसा झाला हे बघायचं राहून जातं, म्हणून ही काळजी. खुर्चीवर कोणीही असतं तरी पेच हाच असता.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख सरकारी कर्मचाऱ्यांच्या दोन जाती पाडते. त्याआधी सेवेत आलेल्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे पेन्शन मिळते. ती ढोबळमानाने शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी असते, तिच्यावर महागाई भत्ता वाढत राहतो, माघारी कुटुंबाला पेन्शन असते आणि या सगळ्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. त्या तारखेनंतर आलेल्यांना अंशदायी योजना लागू झाली. आधी तिला डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) म्हणत, पुढे ती एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, गेली. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के कर्मचारी भरतो, सरकार आधी १० टक्के भरत असे, पुढे १४ टक्के भरू लागलं. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेवर आणि बाजाराच्या परताव्यावर जे येईल ते. त्यात हमी कसलीच नव्हती.

केंद्राने हाच बदल १ जानेवारी २००४ पासून केला होता, सैन्यदलं वगळून. म्हणजे महाराष्ट्राने काही जगावेगळं केलं नव्हतं. पण एकाच कार्यालयात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाचं म्हातारपण बांधलेलं आणि दुसऱ्याचं बाजारावर सोडलेलं, हे रोज डोळ्यांसमोर असलं की धोरणाची कारणं कोणी ऐकत नाही. त्यात सेवेत असताना कर्मचारी दगावला तर घरच्यांच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. आंदोलनाला खरी धार आली ती या घरांमुळे, असं माझं मत आहे. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा नंतर आली. त्याआधी तालुक्या-तालुक्यात मयत सहकाऱ्याच्या घरासाठी वर्गणी काढणारे लोक होते.

२०२२ मध्ये वारं फिरलं. फेब्रुवारीत राजस्थानने अर्थसंकल्पातच जुनी पेन्शन परत आणण्याची घोषणा केली, पाठोपाठ छत्तीसगडने केली. पंजाबने त्याच वर्षी अधिसूचना काढली. ८ डिसेंबरला हिमाचलचा निकाल लागला आणि जुन्या पेन्शनचं आश्वासन देणारा पक्ष सत्तेवर आला. बरोबर तेरा दिवसांनी नागपुरात हा विषय सभागृहात निघाला.

प्रश्न आणि पहिलं उत्तर

२१ डिसेंबर २०२२. विधानसभेत उपमुख्यमंत्री उत्तर देत होते. अर्थखातंही त्यांच्याकडेच होतं, त्यामुळे ‘वित्त विभागाशी चर्चा करून कळवतो’ ही नेहमीची पळवाट त्यांना नव्हती, आणि त्यांनी ती शोधलीही नाही. उत्तर स्वच्छ होतं: जुनी पेन्शन देणार नाही, दिली तर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. २००५ चा निर्णय तेव्हाच्या काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारचा होता, याचीही आठवण त्यांनी करून दिली.

या उत्तराची पहिली बाजू आधी सांगायला हवी, कारण नंतर सगळे तिच्यावर तुटून पडले. ते प्रामाणिक उत्तर होतं. मतांसाठी गोलमोल बोलणं सोपं होतं. शिवाय तिजोरीची काळजी खोटी नव्हती. त्याच महिन्यात केंद्र सरकारने लोकसभेत लेखी उत्तरात स्पष्ट केलं होतं, की एनपीएसमध्ये साठलेली रक्कम राज्यांना परत देण्याची तरतूद पीएफआरडीए (पेन्शन निधी नियामक) कायद्यात नाही. म्हणजे जुन्या योजनेकडे वळणाऱ्या राज्याला जमा झालेला पैसा तिकडेच अडकवून नवा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागणार होता.

तरीही उत्तरात एक मोठी फट होती. १ लाख १० हजार कोटी कधी? एका वर्षात? दरवर्षी? की पुढच्या तीस-चाळीस वर्षांतली बेरीज? ऐकणाऱ्याला ‘उद्यापासून’ असंच वाटलं.

आता साधा हिशेब करून बघू. नोव्हेंबर २००५ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो तो २०३८ च्या सुमाराला. तिशीत लागलेला २०३३ च्या आसपास. म्हणजे या तारखेनंतर आलेल्यांपैकी बहुतेकांची पेन्शन २०२२ मध्ये सुरूच व्हायची नव्हती. उलट जुनी योजना त्या दिवशी लागू केली असती, तर सरकारचं दरमहाचं १४ टक्के अंशदान थांबलं असतं आणि पहिली काही वर्षं तिजोरीला हलकं वाटलं असतं. इतर राज्यांना मोह पडला तो याचसाठी. आजचा पैसा वाचतो आणि बिल येतं ते दोन-तीन निवडणुकांनंतरच्या सरकारला. जुन्या पेन्शनविरुद्धचा सगळ्यात जोरदार मुद्दा हाच होता आणि नेमका तोच सभागृहात मांडला गेला नाही. ‘दिवाळखोरी’ हा शब्द त्याच्या जागी येऊन बसला.

आकडा कसा सांगावा याचं उदाहरण नऊ महिन्यांनी मिळालं. सप्टेंबर २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत एक लेख आला. सगळी राज्यं जुन्या योजनेकडे गेली तर एकूण भार एनपीएसच्या साडेचारपटीपर्यंत जाऊ शकतो आणि २०६० पर्यंत दरवर्षीचा जादा बोजा जीडीपीच्या ०.९ टक्क्यापर्यंत पोचू शकतो, असं त्यात मांडलं होतं. हे पटो न पटो, त्याला साल आहे. त्याच्याशी वाद घालता येतो. १ लाख १० हजार कोटींशी वाद घालायला जागाच नव्हती. त्यावर विश्वास तरी ठेवायचा नाहीतर चिडायचं. कर्मचाऱ्यांनी चिडायचं ठरवलं.

दुसरं उत्तर, सभागृहाबाहेरचं

जानेवारी २०२३ मध्ये विधान परिषदेच्या पाच जागांच्या निवडणुका होत्या, शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या. तिथला मतदार आणि पेन्शनचा मागणीदार यांच्यात फरक असा नव्हताच. प्रचारात त्याच उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की सरकार जुन्या पेन्शनबाबत नकारात्मक नाही आणि द्यायची धमक असलीच तर ती आमच्यातच आहे.

महिन्याभरापूर्वी दिवाळखोरी, आता धमक. राजकारणात असं होतं, म्हणून सोडूनही देता आलं असतं. पण या प्रकरणातला हा सगळ्यात महागडा क्षण होता असं मला वाटतं. पहिलं उत्तर कडू असलं तरी ठाम होतं. दुसऱ्या उत्तराने ते ठाम नसल्याचं दाखवलं आणि जोर लावला तर सरकार हलतं, हा निरोप गावोगावच्या संघटनांपर्यंत गेला. निवडणुकीतही फायदा झाला नाही. सत्ताधाऱ्यांच्या पदरी पाचपैकी कोकण शिक्षक ही एकच जागा पडली. नागपूर शिक्षक आणि अमरावती पदवीधर या जागा गेल्या.

पर्याय काय होते

मार्च २०२३ उजाडला तेव्हा सरकारपुढे किमान चार वाटा होत्या. त्या एकमेकींना काटणाऱ्या नव्हत्या, पण कोणती आधी धरायची यावर बरंच अवलंबून होतं.

नकारावर ठाम राहणं ही पहिली. डिसेंबरचंच उत्तर, पण यावेळी वर्षवार तक्ता पटलावर ठेवून. याला धैर्य लागतं आणि जानेवारीनंतर ते भांडवल संपलेलं होतं.

दुसरी, जुनी योजना जशीच्या तशी. राजकीयदृष्ट्या सोपी, हिशेबात अवघड. अडकलेल्या अंशदानाचा प्रश्न तर होताच.

तिसरी वाट हमीची. अंशदान चालू ठेवायचं, पण शेवटी हाती किती पडणार याची किमान रेषा सरकारने आखून द्यायची. आंध्र प्रदेशने २०२२ मध्येच आधी ३३ टक्क्यांच्या हमीचा प्रस्ताव मांडला होता. तिथल्या संघटनांनी तो धुडकावला, पण बोलणी सुरू करायला एक आकडा टेबलावर होता. पुढे आंध्रने ५० टक्क्यांच्या हमीचा कायदाच केला. महाराष्ट्राने ही वाट मार्चमध्येच उघडपणे चर्चेला घेतली असती तर पुढचं बरंच काही टळलं असतं का? सांगता येत नाही. पण शेवटी राज्य पोचलं ते इथेच, हे मात्र खरं.

चौथी वाट कायद्याच्या बडग्याची. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात म्हटलं आहे, की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक असा कोणताच अधिकार नाही. त्या वेळी तिथल्या सरकारने दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केलं होतं आणि पुढे बहुतेकांना परतही घ्यावं लागलं होतं. हत्यार धारदार आहे, पण ते वापरल्यावर राज्य चालवायला माणसं तीच लागतात. आणि त्याच न्यायालयाने १९८२ मध्ये दुसऱ्या एका निकालात पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असंही सांगून ठेवलेलं आहे. दोन्ही बाजूंच्या भाषणांत आपापला निकाल असतो.

समिती नेमणं याला मी पर्याय म्हणत नाही. ती निर्णयाची मुदत असते.

काय केलं

९ मार्चला अर्थसंकल्प सादर झाला. संपाची हाक आधीच दिलेली होती. १३ मार्चला मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आणि संघटनांची बैठक झाली. सरकारने अभ्याससमितीचा प्रस्ताव ठेवला. संघटनांचं म्हणणं, अभ्यास पुरे झाला, तत्त्वतः मान्य करा, तपशील मग बघू. बैठक फिसकटली.

१४ मार्चला संप सुरू झाला. निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक धरून संघटना सतरा-अठरा लाखांचा आकडा सांगत होत्या. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. सरकारी रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जाऊ लागल्या. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपिटीने पिकं झोपवली, आणि पंचनामे करायला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर नव्हते. संपाचा चटका मुंबईपेक्षा तिथे जास्त बसला. शेतकऱ्याला कर्मचाऱ्याचा राग आला आणि कर्मचाऱ्याला त्याचं वाईट वाटलं. हा राग संघटनांना परवडणारा नव्हता, हे पुढच्या घडामोडींत महत्त्वाचं ठरलं.

१४ मार्चलाच सरकारने दोन गोष्टी केल्या. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली, तीन महिन्यांत अहवाल द्यायचा या अटीवर. आणि अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला बंदी घालता येणारं अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक, म्हणजे मेस्मा, विधानसभेत मांडून चर्चेविना मंजूर करून घेतलं. आधीच्या कायद्याची मुदत संपली होती, त्यामुळे कधीतरी तो नव्याने आणावा लागणारच होता. या तांत्रिक खुलाशात तथ्य आहे. पण संपाच्या पहिल्या दिवशी, चर्चेशिवाय, हा योगायोग बाहेर कोणी योगायोग म्हणून वाचणार नव्हतं.

इथे थोडं थांबायला हवं. विधेयकावरची चर्चा ही सरकारची अडचण असते असं मंत्री मानतात. या प्रकरणात ती संधी होती. दोन तास चर्चा झाली असती तर विरोधकांनी पेन्शनवरच प्रश्न विचारले असते आणि सरकारला डिसेंबरचं उत्तर दुरुस्त करायला, वर्षवार चित्र मांडायला, हमीची वाट उघडायला सन्मानाची जागा मिळाली असती. तीही कामकाजाच्या नोंदीवर. दडपून मंजुरी घेतल्यामुळे कायदा मिळाला, पण बोलायची जागा गेली. आणि कायदा तर त्या संपात निर्णायक ठरलाच नाही. संप मिटला तो बोलण्याने.

मुंबई उच्च न्यायालयात संपाविरुद्ध याचिका गेली. लोकांचे हाल होऊ नयेत म्हणून काय करताय, असं न्यायालयाने सरकारला विचारलं. इकडे पडद्यामागे मसुद्याच्या शब्दांवर घासाघीस चालू होती.

वळण: २० मार्च

सातव्या दिवशी संप मागे घेतला गेला. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात निवेदन केलं. त्याचा गाभा असा, की जुन्या योजनेत आणि एनपीएसमध्ये फरक असला, तरी निवृत्तीनंतर कर्मचाऱ्यांना सारखीच आर्थिक आणि सामाजिक सुरक्षा मिळावी हे सरकारला तत्त्वतः मान्य आहे, आणि समिती त्या दिशेने काम करेल.

ही शब्दयोजना कोणाची कल्पना होती कोण जाणे, पण ती चतुर होती. सरकारला म्हणता आलं, जुनी योजना मान्य केली नाही. संघटनांना म्हणता आलं, जुन्या योजनेइतकं मिळवलं. ‘योजना’ बाजूला ठेवून ‘सुरक्षा’ हा शब्द पुढे आणला आणि गाठ सैल झाली. मागणी योजनेच्या नावाची आहे की हाती पडणाऱ्या रकमेची, हा प्रश्न डिसेंबरमध्येच विचारला असता तर? बहुतेक कर्मचाऱ्यांना १९८२ च्या नियमांशी काही भावनिक नातं नव्हतं. त्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मे आणि महागाई भत्ता हवा होता, आणि आपल्यामागे घरच्यांची सोय.

शिवाय हे शब्द सभागृहात उच्चारले गेले होते. पत्रकार परिषदेतलं आश्वासन वाऱ्यावर जातं. सभागृहातलं आश्वासन आश्वासन समितीकडे नोंदवलं जातं आणि त्याचं काय झालं हे खात्याला सांगावं लागतं. संघटना लेखी पत्राबरोबरच सभागृहातल्या निवेदनाचा आग्रह धरतात तो याचसाठी.

मार्चअखेरीस आणखी एक निर्णय निघाला, त्याची चर्चा मात्र कमी झाली. एनपीएसमधला कर्मचारी सेवेत असताना वारला तर कुटुंबाला पेन्शन, आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद. ज्या घरांमुळे आंदोलनाला धार आली होती त्यांचा प्रश्न यात बऱ्याच अंशी सुटत होता. संपाआधी सहा महिने हा निर्णय आला असता तर संपाचा आकार कदाचित निम्मा राहिला असता. हा अंदाज माझा आहे, सिद्ध करता येणार नाही.

पुढे काय झालं

तीन महिन्यांची समिती मुदतवाढ घेत राहिली. अहवाल आला तोपर्यंत पुढचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलं होतं. १४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संपाची हाक, पुन्हा नागपूर. यावेळी सरकारने चूक सुधारली. मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं, की अहवालाचा अभ्यास करून येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात निर्णय घेऊ. या उत्तरात आकडा नव्हता, पण मुदत होती. संप लगेच स्थगित झाला. मार्चमध्ये सात दिवस लागले होते ते काम यावेळी एका तारखेने केलं.

दरम्यान, जानेवारी २०२४ मध्ये एक लहान पण बोलका निर्णय झाला. ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला गेला. असे सुमारे २६ हजार लोक होते. सरकारी दिरंगाईमुळे तारीख उलटून गेलेली ही माणसं. त्यांची मागणी न्याय्य आहे हे कोणीही मान्य केलं असतं. केंद्राने आपल्या अशा कर्मचाऱ्यांसाठी हाच मार्ग मार्च २०२३ मध्ये मोकळा केला होता. अनुदानाच्या टप्प्यांत अडकलेल्या शाळांमधल्या शिक्षकांचा प्रश्न मात्र याहून गुंतागुंतीचा, आणि तो या निर्णयात आला नाही.

१ मार्च २०२४ ला मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सुधारित योजनेची घोषणा केली: शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाई भत्ता, आणि कुटुंबाला त्या पेन्शनच्या ६० टक्के. एनपीएसखालचे राज्याचे कर्मचारी सव्वाआठ लाखांच्या घरात होते. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना, म्हणजे यूपीएस, मंजूर केली. तिच्यात २५ वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आहे, दहा वर्षं झालेल्याला किमान १० हजार, कर्मचाऱ्याचं अंशदान १० टक्केच आणि सरकारचं १८.५ टक्के. दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टला, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. असं करणारं हे पहिलं राज्य ठरलं. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती, हे नमूद करून पुढे जातो.

सगळे खूश झाले असं नाही. अंशदान कशाला, हा सवाल कायम राहिला. सेवेची वर्षं कमी भरणाऱ्यांना निम्म्या पेन्शनचा पूर्ण लाभ मिळत नाही. पण रस्त्यावरचा जोर ओसरला.

निर्णयाचे टप्पे पुन्हा बघताना

डिसेंबर २०२२ आणि ऑगस्ट २०२४ यांच्यामध्ये सरकारची भूमिका पूर्ण फिरली असं म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. अंशदान टिकलं. म्हणजे भविष्यातल्या बोजाची काही तरतूद आजच करून ठेवायची, हे २००५ चं मूळ तत्त्व टिकलं. बदलली ती जोखीम कोणी घ्यायची ही बाजू. बाजार पडला तर फरक आता सरकार भरणार. हा मोठा बदल आहे आणि त्याची किंमत पुढच्या सरकारांना मोजायची आहे, त्यामुळे तो सभागृहात सविस्तर मांडला जायला हवा होता. संप, निवेदन, घोषणा, मंत्रिमंडळ निर्णय असा प्रवास झाला. वर्षवार तक्त्यावर खडाजंगी झाली असती तो दिवस या प्रवासात आलाच नाही.

संघटनांच्या बाजूनेही एक गोष्ट सुटली. ‘जुनी पेन्शनच’ या घोषणेने माणसं जमली, पण त्यामुळे हमीच्या पर्यायावर आधी बोलणं म्हणजे फितुरी, असं वातावरण झालं. आंध्रमधला प्रस्ताव इथल्या बैठकांत गांभीर्याने चर्चेला यायला हवा होता. घोषणेला तपशिलाची जोड वर्षभर उशिरा मिळाली. आणि संपाच्या काळात गारपिटीचे पंचनामे तरी चालू ठेवू, असं संघटनांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं असतं तर त्यांची नैतिक बाजू कितीतरी भक्कम झाली असती. संपातले दिवस कोणत्या रजेत धरायचे यावरून नंतर जी कुरबुर झाली, त्यापेक्षा हा मुद्दा मोठा आहे.

प्रचाराच्या व्यासपीठाबद्दल एकच सूचना. वेतन-पेन्शनसारख्या विषयावर सभागृहात भूमिका घेतल्यावर पुढचा शब्द सभागृहातच बोलायचा, असं बंधन नेत्याने स्वतःवर घालून घ्यावं. जानेवारीतलं वाक्य मार्चच्या निवेदनात आलं असतं तर ते भूमिकेतला बदल म्हणून वाचलं गेलं असतं. प्रचारात आल्यामुळे ते फक्त माघार म्हणून वाचलं गेलं.

राहिला प्रश्न २१ डिसेंबरच्या उत्तराचा. त्यापेक्षा वेगळं काय बोलता आलं असतं, असं विचारलं जातं, म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे एक मसुदा देतो. आकड्यांच्या जागी ‘अमुक’ लिहिलं आहे, ते वित्त विभागाने भरायचे:

‘अध्यक्ष महोदय, जुनी योजना जशी होती तशी आणणं आज शक्य नाही. आज लागू केली तर पहिली अमुक वर्षं सरकारचा खर्च वाढणार नाही, उलट अंशदान वाचेल, हे मी लपवत नाही. पण २०३३ नंतर दरवर्षी अमुक कोटी आणि २०४० नंतर अमुक कोटी लागतील, आणि ते तेव्हाच्या शिक्षण-आरोग्यातून काढावे लागतील. हा तक्ता मी पटलावर ठेवतो. सेवेत असताना मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांचा निर्णय याच अधिवेशनात करतो. बाकीच्यांना किमान किती पेन्शनची हमी देता येईल, हे अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या शेवटच्या आठवड्याआधी या सभागृहाला सांगतो. तोपर्यंत संघटनांशी बोलणी चालू राहतील, आणि त्या काळात सेवांबाबतचं कोणतंही विधेयक आणलं तर ते चर्चेशिवाय आणणार नाही.’

वाचायला दीड मिनिट लागतं. उपप्रश्न मात्र बरेच आले असते.